मोबाइलवर धम्म शिकायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

आषाढी पौर्णिमा जवळ आली की सांगली-मिरजेकडच्या विहारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर लिंका येऊ लागतात. एक लिंक वर्षावासातल्या ग्रंथवाचनाची, रोज रात्री आठ ते नऊ. दुसरी आनापानाची, म्हणजे श्वासावरच्या ध्यानाची. तिसरी पाली भाषेच्या वर्गाची. चौथी पुण्यातल्या कुणा मंडळींच्या ‘माइंडफुलनेस’ची. पाचवी परदेशात राहणाऱ्या एका भंतेजींची, इंग्रजीत आणि आपल्या घड्याळाने पहाटे साडेचारला. सगळीकडे बुद्धच शिकवताहेत, मग कुठेही शिरलं तरी काय बिघडतं, असं वाटणं साहजिक आहे. पण या पाच वर्गांत पाच निरनिराळ्या गोष्टी शिकवल्या जातात. कुठली गोष्ट फोनवरून नीट शिकता येते आणि कुठलीसाठी घराबाहेर पडावंच लागतं, हे आधी कळलं तर बराच वेळ वाचेल.

आधी वर्षावासाचं सांगतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक वर्गांचं वेळापत्रक त्यावर बेतलेलं असतं. बुद्धाच्या काळी भिक्खू गावोगाव फिरत. पावसाळ्यात ते कोवळं पीक तुडवतात, किडामुंगी त्यांच्या पायाखाली जाते, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा बुद्धाने पावसाचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत. भिक्खू एका जागी थांबले की आसपासचे लोक ऐकायला येणार, हे ओघानेच आलं. कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात, वाईजवळ लोहाऱ्यात आणि शिरवळला जी बौद्ध लेणी आहेत, ती अशाच मुक्कामाची ठिकाणं होती. आज आपल्या भागात भिक्खू थोडे आणि विहार बरेच, म्हणून त्या तीन महिन्यांत बौद्धाचार्य (धम्मविधी करणारे गृहस्थ) किंवा वस्तीतलं एखादं शिकलेलं माणूस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतं आणि बाकीचे ऐकतात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये विहारांना कुलूप लागलं आणि हे वाचन फोनवर गेलं. कुलूप उघडल्यावरही ते पूर्णपणे विहारात परतलं नाही. तासगाव-जतची पोरं कामाला पुण्यात, लेकी मुंबईला नांदतात, आणि त्यांनाही वाचन ऐकायचं असतं.

आता शिकण्याकडे येऊ. बौद्ध परंपरेत शहाणपणाचे तीन टप्पे सांगितले आहेत. ऐकून-वाचून येतं ते श्रुतमय. ऐकलेलं स्वतः तपासून, उलटसुलट विचार करून पटतं ते चिंतनमय. आणि करून बघितल्यावर, ध्यानातून, अंगात मुरतं ते भावनामय. इथे ‘भावना’ म्हणजे मनात उमटणारे भाव नव्हेत, मन घडवण्याचा सराव. पहिल्या टप्प्यासाठी ऑनलाइन वर्ग फारच सोयीचा आहे. दुसऱ्यासाठी तो अर्धामुर्धा चालतो, तोही नीट घेतला तर. तिसऱ्यासाठी त्याची मदत होते, पण तेवढ्यावर काम भागत नाही.

पहिल्या टप्प्याची सोय किती मोठी आहे हे कळायला धर्मानंद कोसंबींचं आयुष्य बघावं. गोव्यातला हा माणूस बुद्धाविषयी काही थोडकं वाचून घराबाहेर पडला. पुण्यात संस्कृत शिकला, काशी-नेपाळ पालथं घातलं, शेवटी सिलोनला पोचला आणि १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू झाला, तेव्हा कुठे त्याला पाली ग्रंथ नीट शिकता आले. आज अख्खं पाली तिपिटक, म्हणजे बुद्धवचनांचा मूळ ग्रंथसंग्रह, देवनागरीत, फुकट, फोनवर उघडतं. विपश्यना विशोधन विन्यासाने ते उपलब्ध करून दिलं आहे. मराठी माणसाला तर आणखी फायदा आहे, लिपी वेगळी शिकावी लागत नाही. त्यातल्या दीघनिकायात ३४ सुत्तं (प्रवचनं) आहेत, मज्झिमनिकायात १५२, धम्मपदात ४२३ गाथा. धम्मपदाची एक गाथा रोज घेतली, तर सव्वा वर्षाच्या आत ते पुस्तक संपतं. पालीला ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबरच अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानंतर पालीची थोडी चर्चा तरी होऊ लागली आहे. भाषाशिक्षणाचे वर्ग ऑनलाइन उत्तम चालतात असं माझं मत आहे. व्याकरणाला समोरासमोर बसण्याची गरज नसते.

ऐकण्याला या परंपरेत मान मोठा आहे. बहुतेक सुत्तं ‘एवं मे सुतं’, म्हणजे मी असं ऐकलं, अशा शब्दांनी सुरू होतात. इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत ताडपत्रांवर लिहिलं जाईपर्यंत हे सगळं वाङ्मय तोंडपाठ करूनच टिकलं होतं. भिक्खू एकत्र बसून म्हणत, त्यामुळे एकाचं चुकलं तर दुसऱ्याच्या ध्यानात येई. कानात इअरफोन घालून रस्सा ढवळता ढवळता प्रवचन ऐकणं ही त्याचीच पुढची पायरी आहे, असं कुणी म्हणालं तर मी अर्धंच मान्य करीन. त्या ऐकण्यात परत म्हणून दाखवणं होतं, चूक पकडली जाणं होतं. यूट्यूबवर भंतेजी बोलतात आणि आपण ऐकतो, यात आपलं काय चुकतंय हे कुणालाच कळत नाही. आपल्यालाही नाही.

दुसऱ्या टप्प्यावर खरी गंमत सुरू होते, आणि मराठी बौद्ध विद्यार्थ्याचा खरा गोंधळही तिथेच होतो. समजा, मिरजेतली एखादी नर्स रात्री आठला वर्षावासाचं वाचन ऐकते आणि रविवारी सकाळी म्यानमार-श्रीलंकेच्या परंपरेतल्या शिक्षकाचा वर्ग करते. दोन्हीकडे सारनाथचं पहिलं प्रवचन लागलं आहे. रविवारच्या वर्गात तिला पालीतलं धम्मचक्कप्पवत्तन सुत्त शिकवतात. त्यात आधी मध्यम मार्ग, मग चार आर्यसत्यं: दुःख आहे, दुःखाचं कारण तृष्णा आहे, दुःख संपू शकतं, आणि संपवण्याचा अष्टांगिक मार्ग आहे. रात्रीच्या वाचनात तेच प्रवचन बाबासाहेबांनी वेगळ्या मांडणीत दिलं आहे. तिथे पंचशील (वागण्याचे पाच नियम) येतं, अष्टांगिक मार्ग येतो, दहा पारमिता (अंगी बाणवायचे सद्गुण) येतात आणि माणसाचं माणसाशी नातं मध्यभागी असतं. शिवाय ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी उघडच प्रश्न टाकला आहे की, चार आर्यसत्यं मूळ उपदेशातली आहेत की भिक्खूंनी नंतर घातलेली? त्या सत्यांमुळे धम्म निराशावादी ठरतो, ही बाबासाहेबांची अडचण होती. म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून सिद्धार्थाने घर सोडलं ही गोष्टही त्यांना पटत नव्हती. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे कसं मानायचं? कर्म आणि पुनर्जन्म, भिक्खूचं प्रयोजन, याही बाबतीत त्यांनी प्रश्न मांडले.

हे वाचून काही जण एकदम बाजू घेतात. एका ग्रुपवर ‘परंपरेचे लोक बाबासाहेबांना मानत नाहीत’, दुसऱ्यावर ‘आंबेडकरी लोकांना मूळ बुद्ध ठाऊकच नाही’. दोन्ही वाक्यं आळशीपणाची आहेत. बाबासाहेबांनी पाली ग्रंथ मुळातून वाचले होते, पाली व्याकरण आणि शब्दकोशावर काम केलं होतं, आणि ते काम त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात छापलेलं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेण्याआधी त्यांनी वर्षानुवर्षं हा विचार केला होता. ग्रंथ छापून आला तो त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये. त्यांच्या प्रश्नांना परंपरेची काही उत्तरं आहेत, आणि परंपरेच्या उत्तरांना त्यांचे प्रतिप्रश्न आहेत. चिंतनमय टप्पा म्हणतात तो हाच. त्या नर्सने काय करावं? दोन्ही प्रवचनं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. पालीतलं सुत्त काही फार लांब नाही, एका बैठकीत वाचून होतं. मग दोन्ही वर्गांत एकच प्रश्न विचारावा: ‘दुसरीकडे असं सांगतात, तुमचं काय म्हणणं आहे?’

या प्रश्नाला जे उत्तर मिळेल, त्यावरून वर्ग कसा आहे ते लगेच समजतं. ‘आधी श्रद्धा ठेवा, मग कळेल’ असं उत्तर आलं, किंवा प्रश्न विचारल्यावर म्यूट केलं गेलं, तर तो वर्ग फक्त श्रुतमय आहे. ‘हो, इथे फरक आहे, आणि तो असा आहे’ असं कुणी सांगितलं, तर तिथे थांबायला हरकत नाही.

अशा वेळी हमखास कालाम सुत्ताचा फॉरवर्ड येतो: ‘बुद्ध म्हणतात, कुणावर विश्वास ठेवू नका, स्वतःच्या बुद्धीला पटेल तेच करा.’ सुत्त मुळातून वाचलं तर ते एवढं सोपं नाही. केसपुत्त गावच्या कालामांना बुद्धाने दहा गोष्टी सांगितल्या, ज्यांच्या एकट्याच्या बळावर काही खरं मानू नये. त्यात ऐकीव गोष्ट आहे, परंपरा आहे, ग्रंथात लिहिलेलं आहे, ‘हे आमचे गुरू आहेत’ हेही आहे. पण तर्क आणि ‘आपल्या मताशी जुळतं’ हेसुद्धा त्याच यादीत आहे! मग खरं कसं ठरवायचं? एखादी गोष्ट आचरणात आणली तर लोभ, द्वेष, मोह वाढतात की कमी होतात, तिने नुकसान होतं की भलं, आणि शहाणी माणसं तिला काय म्हणतात, हे स्वतः बघायचं. म्हणजे आपल्या डोक्यालाही तपासणीतून सूट नाही. हा भाग फॉरवर्डमध्ये गळतो.

आता ध्यानाकडे येऊ. इथे जरा सावकाश जातो, कारण बहुतेकांना लिंक उघडायची असते ती यासाठी.

आपल्याकडच्या नवशिक्याला ऑनलाइन वर्गात बहुधा आनापानसती शिकवतात. आनापान म्हणजे येणारा-जाणारा श्वास, आणि सती म्हणजे त्याचं भान. आपल्याकडे पहिली गफलत होते ती प्राणायामाशी. प्राणायामात श्वास लांबवायचा, रोखायचा, मोजून सोडायचा असतो. आनापानात श्वासाला हात लावायचा नाही. लांब आला तर लांब आला हे कळलं पाहिजे, आखूड आला तर आखूड आला हे कळलं पाहिजे. बस. मज्झिमनिकायातल्या आनापानसती सुत्तात याच्या सोळा पायऱ्या आहेत, चार-चारच्या चार गटांत: शरीर, वेदना, चित्त आणि धम्म. वेदना म्हणजे इथे दुखणं असं नाही. सुखद, दुःखद किंवा दोन्हीही नाही, अशी जी जाणीव प्रत्येक अनुभवाबरोबर येते ती. बहुतेक ऑनलाइन वर्ग पहिल्या चार पायऱ्यांतच असतात, आणि तसंच असावं.

बसल्यावर काय होतं? दोन-तीन श्वास कळतात. मग दुसऱ्या दिवशीची शिफ्ट आठवते, हळदीचा भाव आठवतो, परवा जाऊबाई काय बोलल्या ते आठवतं. नवीन माणूस म्हणतो, ‘माझं ध्यान लागत नाही.’ पण मन भटकलंय हे ज्या क्षणी कळलं, तो क्षणच भानाचा असतो. तिथून श्वासाकडे परत यायचं, स्वतःवर न चिडता. हे शंभरदा करायचं. याच अडथळ्यांना परंपरेत पाच नीवरणं म्हणतात: हवंहवंसं वाटणं, राग, सुस्ती, अस्वस्थपणा आणि शंका. एका बैठकीत पाचही भेटून जातात.

सुरुवातीला किती वेळ बसायचं? दहा-पंधरा मिनिटं पुरे. तासभर बसण्याच्या हट्टापायी चार दिवसांत सोडून देणारे पुष्कळ असतात. यावर अंगुत्तरनिकायात सोण भिक्खूची गोष्ट आहे. राजगृहाजवळच्या सीतवनात चालता चालता ध्यान करून त्याच्या पायांतून रक्त आलं, तरी मन काही सुटेना, म्हणून तो घरी परत जायच्या विचारात होता. तो आधी वीणा उत्तम वाजवायचा. बुद्धाने त्याला विचारलं, तार फार ताणली तर वीणा वाजते का? नाही. फार ढिली सोडली तर? तरीही नाही. मिरजेत राहणाऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शिकलगारांच्या घराण्यांनी तिथे पिढ्यान् पिढ्या सतार आणि तंबोरे घडवले. तार किती चढवायची हे तिथला कारागीर कानाने ठरवतो, शिकणाराही त्याच्या शेजारी बसून तेच कानाने शिकतो. ध्यानातल्या ताणाचंही तसंच आहे. तुम्ही फार जोर लावताय की पेंगताय, हे शेजारी बसलेल्या जाणत्या माणसाला तुमच्या मानेवरून, खांद्यांवरून कळतं. स्क्रीनवरच्या अंगठ्याएवढ्या चौकोनात ते दिसत नाही. कित्येकांचा कॅमेरा तर बंदच असतो.

म्हणून ऑनलाइन वर्गात ध्यानानंतरची दहा मिनिटं ध्यानाइतकीच महत्त्वाची. प्रत्येकाने दोन वाक्यांत सांगायचं: काय झालं, कुठे अडलं. मार्गदर्शकाला तुम्ही दिसत नाही, निदान ऐकू तरी याल. ज्या वर्गात घंटा वाजली की ‘सर्वांचं मंगल होवो’ म्हणून मीटिंग बंद होते, तिथे ध्यान शिकणं कठीण आहे.

आणखी एक अडचण आहे ती पद्धतींच्या सरमिसळीची. म्यानमारच्या ऊ बा खिन यांच्याकडे शिकलेले सत्यनारायण गोयंका (१९२४-२०१३) यांच्या परंपरेत श्वासाचा स्पर्श नाकपुड्या आणि वरच्या ओठाजवळ बघायला सांगतात. म्यानमारच्याच महासी सयाडोंच्या पद्धतीत पोटाचं वर-खाली होणं बघतात. संघरक्षित या इंग्रज भिक्खूंनी १९६७ मध्ये लंडनला सुरू केलेल्या आणि पुढे पुण्यातून महाराष्ट्रात पसरलेल्या त्रिरत्न बौद्ध महासंघात श्वास मोजत चार टप्प्यांनी पुढे जातात, आणि त्याच्या जोडीला मैत्री भावना शिकवतात: आधी स्वतःविषयी मैत्री, मग मित्राविषयी, मग ज्याच्याशी देणंघेणं नाही अशा माणसाविषयी, मग जो डोक्यात जातो त्याच्याविषयी, आणि शेवटी सगळ्यांविषयी. सगळ्या पद्धती भल्या. पण सोमवारी नाक, बुधवारी पोट, शनिवारी मोजणं असं केलं तर सहा महिन्यांनी हाती काहीच लागत नाही. एक पद्धत धरा, निदान एक वर्षावासभर तरी.

वेगवेगळ्या वर्गांचं ऑनलाइन धोरणही वेगळं आहे. गोयंका परंपरेत पहिलं दहा दिवसांचं शिबिर ऑनलाइन होतच नाही. छोटंसं आनापान फोनवर शिकता येतं, पण विपश्यना शिकायची तर केंद्रात जाऊन राहावं लागतं. पहाटे चारला उठायचं, मौन पाळायचं, फोन जमा करायचा. साडेतीन दिवस नुसतं आनापान, मग विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना तटस्थपणे बघणं, शेवटी मैत्री. सांगलीकरांना हातकणंगल्याजवळ आळत्याचं केंद्र सोयीचं आहे. शिबिराला फी नसते, आधी शिकून गेलेल्यांच्या दानावर ते चालतं. ‘घरबसल्या दहा दिवसांची विपश्यना, शुल्क अमुक’ अशी जाहिरात दिसली तर ती या परंपरेची नाही, एवढं ओळखा. त्रिरत्नवाल्यांचे अभ्यासवर्ग आणि ध्यान ऑनलाइन चालतात, पण तेही लोणावळ्याजवळ भाज्याला शिबिराला बोलावतात. विहारांतल्या वर्गांत ध्यान थोडं, वंदना आणि ग्रंथ जास्त. ‘माइंडफुलनेस’चं मूळ याच सतीच्या सरावात आहे, पण ते १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयातून, ताण आणि वेदना कमी करण्यासाठी पुढे आलं. त्यात त्रिशरण (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं) आणि पंचशील नसतं. ताण कमी व्हावा एवढंच हवं असेल तर ते ठीक आहे.

थोडं तांत्रिक. झूमवर सगळ्यांनी माइक चालू ठेवून त्रिशरण म्हटलं की गोंगाट होतो, कारण प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याकडे पोचायला किंचित उशीर लागतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. म्हणून एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी म्यूटवर राहून घरात मोठ्याने म्हणायचं. घरात मोठ्याने म्हणा, ओठांत पुटपुटू नका, लहान मुलं पंचशीलातलं ‘पाणातिपाता वेरमणी’ ऐकूनच शिकतात. दुसरं, ध्यानाची घंटा अर्ध्यावर तुटते अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. घंटेचा लांबत जाणारा नाद ॲपला पार्श्वभूमीचा आवाज वाटतो आणि ते तो कापून टाकतं. वर्ग घेणाऱ्याने ‘ओरिजिनल साउंड’ चालू केला की घंटा पूर्ण ऐकू येते. फुकटच्या झूमवर मीटिंग चाळीस मिनिटांत बंद पडते आणि गूगल मीटवर तासाभरात, हे धरून वर्ग आखावा, नाहीतर नेमकं शेवटचं पुण्यानुमोदन चालू असताना स्क्रीन काळी होते. आणि फोन हातात धरून ध्यान करू नका. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, फोन हात पोचणार नाही इतक्या लांब, स्पीकरवर ठेवा.

रेकॉर्डिंगचं मात्र जपून. ध्यानानंतर माणसं घरातलं बोलतात, दारूचं, आजाराचं, सासरचं. ते यूट्यूबवर जाता कामा नये. प्रवचन रेकॉर्ड करा, चर्चा नको. वर्गात शिरतानाच हे विचारून घ्या.

एवढं सगळं सांगूनही माझ्या मते वर्ग निवडताना सगळ्यात आधी एक गोष्ट बघावी: तुम्ही दोन आठवडे आला नाहीत, तर ते कुणाच्या लक्षात येईल का? शिकवणाऱ्याचं नाव, सबस्क्रायबर किती, हे नंतर. संयुत्तनिकायात बुद्धाचा शिष्य आनंद एकदा त्याला म्हणतो की, चांगले सोबती मिळणं म्हणजे या मार्गाचा अर्धा भाग. बुद्ध म्हणतात, असं म्हणू नकोस आनंदा, तो अख्खा मार्ग आहे. कल्याणमित्र हा शब्द तिथला. आणखी एक आवडता दाखला आहे. अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तीन भिक्खू रानात एकत्र राहत, दिवसभर आपापलं ध्यान करत, बोलत नसत. पण दर पाचव्या रात्री तिघं रात्रभर धम्मचर्चेला बसत. आठवड्याच्या ऑनलाइन वर्गाला याहून चांगला नमुना शोधायची गरज नाही. रोज एकट्याने बसा, आठवड्यातून एकदा आठ-दहा जणांत बोला. शंभर जणांच्या मीटिंगमध्ये कुणी कुणाचं कल्याणमित्र होत नाही. शंभर जण असतीलच, तर वाचन एकत्र करून पुढे दहा-दहांचे गट पाडावेत, आणि प्रत्येक गटात एकाने गैरहजर माणसाला फोन करायची जबाबदारी घ्यावी.

आपल्या भागाला समूहाचं हे अंग जुनंच आहे. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावर जे दानलेख कोरले आहेत, त्यांत एक करहकट निगमाचा, म्हणजे आपल्या कऱ्हाडच्या नगराचा आहे. अख्ख्या गावाने मिळून दिलेलं दान, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं.

दानावरून आठवलं, पैशाचं. धम्म विकायचा नसतो ही जुनी रीत, पण झूमचं सबस्क्रिप्शन आणि विहाराचं लाइटबिल कुणीतरी भरतंच. ऐच्छिक दानाचा क्यूआर कोड लावलेला वर्ग वाईट नाही. पाली भाषेच्या वर्गाला किंवा निवास-भोजनाला वाजवी फी असेल तर तीही समजू शकते. सावध व्हायचं ते ‘पुढची पातळी’ पैसे भरल्यावरच उघडते तिथे, गुप्त विद्या देतो म्हणतात तिथे, आणि ध्यानाने बीपी-शुगर-डिप्रेशन बरं करतो म्हणतात तिथे. मज्झिमनिकायातल्या वीमंसक सुत्तात तर बुद्धाने स्वतःलाही तपासून घ्यायला सांगितलं आहे: वागण्या-बोलण्यात मळ दिसतो का, कीर्ती झाल्यावर माणूस बदलला का, बराच काळ बघा. मग फेसबुक लाइव्हवरच्या शिक्षकाला तपासलं तर त्यात अपमान कसला?

आणि एक इशारा, जो बऱ्याच वर्गांत दिला जात नाही. ध्यान सगळ्यांना, सगळ्या वेळी मानवतंच असं नाही. गंभीर मानसिक आजार असेल, गोळ्या चालू असतील, नुकताच मोठा आघात झाला असेल, तर एकट्याने कानात इअरफोन घालून तासन् तास बसू नये. आधी डॉक्टरांना विचारावं, आणि गोळ्या परस्पर बंद करू नयेत. निवासी शिबिरांच्या अर्जात हा प्रश्न विचारतात तो यासाठीच. लिंकवर क्लिक करून येणाऱ्याला तो कुणी विचारत नाही. बसल्यावर फार घाबरल्यासारखं झालं, झोप उडाली, भलतंसलतं दिसू-ऐकू लागलं, तर बैठक थांबवा, डोळे उघडा, चालायला जा, आणि मार्गदर्शकाला त्याच दिवशी सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, तिथे बोलता येतं.

राहता राहिला प्रश्न ज्यांच्याकडे स्वतःचा फोनच नाही त्यांचा. आपल्याकडे घरातला चांगला फोन पोराकडे, साधा फोन आईकडे. म्हणून ज्या वर्गांत विहारातल्या टीव्हीला एक फोन जोडून पंधरा-वीस जणी सतरंजीवर एकत्र बसतात, तो प्रकार मला सगळ्यांत पटतो. शिकवणारा लांबून बोलतो, शेजारी माणूस असतं, त्रिशरण एका सुरात म्हटलं जातं, आणि पेंगणाऱ्या बाईला बाजूची हलवते. आपल्या विहारात हे सुरू करायचं असेल तर एक टीव्ही, एक स्पीकर आणि लाइट गेल्यावर चालणारं इंटरनेट लागेल. शिवाय एक वही, जिच्यात वर्गाआधीच सगळ्यांचे प्रश्न लिहून एकीने ते माइकवर विचारायचे. नाहीतर ऐनवेळी सगळ्याजणी लाजतात आणि प्रश्न विचारले जातात ते नेहमीच्याच दोन बाप्यांचे.